एका खांबावरच्या दोन पाट्या : वाहनमुक्त सायकलमार्गाबद्दल खुले पत्र

प्रति,
नदीखोऱ्यांतील पूरबांध, किनाऱ्यावरील पाणथळ प्रदेश आणि त्यांतून जाणारे सायकलमार्ग ज्यांच्या अखत्यारीत येतात, त्या जलसंपदा, रस्ते, पर्यटन आणि वन्यजीव विभागांचे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

ज्या पूरबांधावरून माझे पती आणि मी गेली अकरा वर्षे दर मोसमात सायकलने जात आलो, त्या बांधाच्या तोंडावरचे फाटक या वर्षी उघडे होते. कुलूप साखळीसकट काढून नेलेले होते आणि शेजारच्या खांबावर एका ओळीची सूचना होती, की पुढील आदेशापर्यंत हा मार्ग सर्व वाहनांसाठी खुला राहील. त्याच खांबावर, त्या सूचनेच्या वीतभर वर, सायकलचे चित्र आणि ‘वाहनमुक्त मार्ग’ हे शब्द असलेली जुनी हिरवी पाटी तशीच होती. दोन्ही पाट्या एकाच खात्याने लावलेल्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, ही गोष्ट त्या खात्यातील कोणाच्याही लक्षात आली नसावी किंवा आली असली तरी महत्त्वाची वाटली नसावी.

नदीचे आणि खात्याचे नाव मी येथे लिहीत नाही. एका कार्यालयाला चारचौघांत उभे करणे हा या पत्राचा हेतू नाही, आणि हा निर्णय कोणत्याही खोऱ्यात, कोणत्याही कार्यालयात, तितक्याच सहजपणे होऊ शकतो हे मी एवढ्या वर्षांत पाहिले आहे. म्हणूनच हे पत्र अर्जाच्या नमुन्यात न पाठवता उघडपणे लिहीत आहे.

आमचा या प्रश्नाशी संबंध काय, ते आधी सांगणे योग्य होईल. माझ्या पतींची दृष्टी चाळिशीतच क्षीण होत गेली आणि आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. आम्ही टँडमवरून, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवरून, लांबचा प्रवास करतो. पुढे मी असते, मागे ते. टँडमवाले मागच्याला ‘स्टोकर’ म्हणतात. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचे ते जुने नाव. हँडल, ब्रेक आणि गिअर पुढच्याच्या हाती असतात. मागच्याच्या वाट्याला पाय येतात आणि, आमच्या बाबतीत, कान. बांधाच्या एका अंगाचे वाहते पाणी आणि दुसऱ्या अंगाचे साचलेले पाणी यांच्या आवाजांतला फरक मला त्यांनी शिकवला. लव्हाळ्याची सळसळ कुठे संपते आणि उघडी चिखलपट्टी कुठे सुरू होते ते त्यांना पक्ष्यांच्या आवाजावरून कळते, आणि समुद्र तर मला दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलेला असतो, कारण ओहोटीच्या चिखलाचा खारट, कुबट वास वाऱ्याबरोबर खोऱ्यात बराच आत येतो. शेजारून एक मोटार जात राहिली, की यातले काहीही उरत नाही. ज्या मार्गाला आपण निसर्गरम्य म्हणून जाहिरातीत दाखवता, तो ऐकू येणाऱ्या माणसासाठी त्या क्षणी संपतो.

दूरच्या सायकल भटकंतीसाठी नदीकाठ का निवडला जातो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तरी ते थोडक्यात मांडते, कारण पुढच्या साऱ्या तक्रारी त्यावर उभ्या आहेत. खालच्या टप्प्यातली नदी आपणच आणलेल्या गाळातून मैदान तयार करते आणि तिच्या काठाने जाणाऱ्याला चढ लागत नाही. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूब नदीकाठचा मार्ग सुमारे ३२० किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात नदीची पातळी दीडशे मीटरसुद्धा उतरत नाही. म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. त्यातला बराच भाग जुन्या ओढवाटांवरून जातो. बोटींना दोर बांधून घोडे त्यांना प्रवाहाविरुद्ध ओढीत, तेव्हा दोर अडकू नये म्हणून पाण्याच्या बाजूची झाडे काढलेली असत आणि घोड्याला सोसेल इतकाच उतार राखलेला असे. त्या जनावरांसाठी आखलेली वाट दीडशे वर्षांनी सामान लादलेल्या सायकलीला नेमकी जुळली. पूरबांधांचेही तसेच. पाण्याची पाहणी करता यावी म्हणून बांधाचा माथा सपाट आणि सलग ठेवावा लागतो. सायकलमार्गासाठी वेगळी जमीन घ्यावी लागत नाही, फक्त वाहनांना थांबवणारे फाटक आणि चाकाखाली टिकेल असा पृष्ठभाग एवढेच लागते. लहान मुले, साठी ओलांडलेली माणसे, गुडघे दुखणारे, न दिसणारे असे सगळे या प्रदेशात शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. डोंगरात त्यांना कोणी अडवत नाही, पण डोंगरच अडवतो. सपाट प्रदेशात त्यांना अडवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती आपण फाटकातून आत सोडली आहे.

या वर्षी काय झाले ते सांगते. फाटकापासून पुढे सहा-सात किलोमीटरांवर, जिथे एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खाजणाची सुरुवात आहे, तिथे मागून एक मोटार आली. बांधाचा माथा तिथे जेमतेम तीन मीटर रुंद आहे. चालकाने भोंगा वाजवला नाही, घाईही केली नाही. तो सभ्यपणे आमच्या मागे सावकाश येत राहिला. पण त्याला पुढे जायचे होते आणि बांधाला कडेला जागा नव्हती. मी सायकल अगदी काठावर घेतली, पुढचे चाक सुट्या खडीत सरकले, आणि आम्ही दोघे सामानासह उतारावर पडलो. माझे मनगट आठ दिवस सुजलेले होते. याहून जास्त काही झाले नाही. त्या चालकाविषयी माझी तक्रार नाही. तो थांबला, त्याने सायकल वर काढायला मदत केली, आणि ‘पाटीवर खुला आहे असे लिहिले होते’ असे तो म्हणाला, ते खरेच होते. अपघात नकाशावर झाला होता; बांधावर फक्त त्याचा परिणाम दिसला.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ‘वाहनमुक्त’ या शब्दाच्या वापराबद्दल आहे. आपल्या पत्रकात मार्गाची एकूण लांबी दिलेली असते आणि त्यातला बहुतांश भाग वाहनांपासून मुक्त आहे असे लिहिलेले असते. हे ‘बहुतांश’ सायकलस्वाराच्या काहीच उपयोगाचे नाही. दोनशे किलोमीटरांच्या मार्गात बारा किलोमीटर अवजड वाहनांच्या रस्त्यावरून जायचे असेल, तर आठ वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या आईसाठी तो मार्ग नव्वद टक्क्यांहून अधिक सुरक्षित होत नाही. तो तिच्यासाठी नसतोच. मार्गाची पात्रता त्याच्या सर्वांत वाईट किलोमीटरवरून ठरते, कारण तो किलोमीटर टाळून पुढे जाता येत नाही. आणि हे वाईट किलोमीटर कुठे असतात ते पाहावे : खोरे संपून किनारा सुरू होतो तिथे, पुलांजवळ, शहरांच्या वेशीवर, म्हणजे जिथे दोन खात्यांच्या हद्दी मिळतात नेमके तिथे. नदी एका खात्याची, खाजण दुसऱ्याचे, मधला जोडरस्ता तिसऱ्याचा. सायकलस्वाराला या हद्दी नकाशात दिसत नाहीत, चाकाखाली मात्र जाणवतात.

प्रामाणिकपणे वागता येते, याचे एक उदाहरण देते. ब्रिटनमधील राष्ट्रीय सायकल जाळ्याची देखभाल करणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने २०२० मध्ये आपल्याच जाळ्याचा जवळजवळ चतुर्थांश भाग, तो फार रहदारीच्या रस्त्यांवरून जातो या कारणाने, जाळ्यातून वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला. स्वतःच्या नकाशावरून इतके किलोमीटर खोडणे कोणत्याही संस्थेला सोपे नसते आणि त्यावर टीकाही झाली. परंतु उरलेल्या नकाशावर विश्वास ठेवता येईल असे काही तरी तेव्हा झाले. आपण किलोमीटर वाढवून दाखवण्यात जो उत्साह दाखवता, त्याच्या निम्मा खोडण्यात दाखवलात तरी आमचे बरेच काम होईल.

दुसरी तक्रार पर्यायी मार्गाची आहे. बांधाचे काम निघते, पूर येतो, पूल बंद होतो. हे सारे आम्हाला मान्य आहे. नदीकाठच्या मार्गाने पाण्यात जाऊच नये, असा हट्ट नदीजवळ राहून धरता येत नाही. अमेरिकेत मिसूरी नदीच्या काठाने बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्ट्यावर केलेला केटी ट्रेल १९९३ च्या महापुरात ठिकठिकाणी वाहून गेला, पण तो पुन्हा सायकलमार्ग म्हणूनच बांधून काढला गेला. आमची हरकत बंद करण्याला नाही, बंद करून महामार्गाकडे बोट दाखवण्याला आहे. ‘पर्यायी मार्ग’ अशी बाणाची पाटी लावून आपण आम्हाला मालट्रकांच्या रस्त्यावर सोडता, तेव्हा खात्याच्या फायलीत पर्याय दिल्याची नोंद होते आणि रस्त्यावर टँडमचे हँडल घट्ट धरून मी मागच्याला काहीही न सांगता श्वास रोखून चालवत असते. ट्रक शेजारून जाताना आधी आडवा वारा एकाएकी अडतो आणि ट्रक पुढे गेल्याबरोबर दुप्पट जोराने आदळतो; जड सामानाची सायकल त्या दोन क्षणांत हातभर तरी भरकटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. आपण आम्हाला तीस किलोमीटर वेगाच्या गल्लीतून वळवले असते, तर हे पत्र कदाचित लिहिलेच नसते.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल थोडे अधिक लिहू द्यावे, कारण वळणमार्गाची लांबी ठरवणाऱ्या व्यक्तीने बहुधा उघड्या बांधावर सायकल चालवलेली नसते. सपाट प्रदेशात चढ नसतो, पण वारा असतो, आणि चढानंतर उतार येतो तसे वाऱ्यानंतर काही येत नाही. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर येणारी हवा ताशी ४० ची होते आणि तिचा विरोध वारा नसलेल्या दिवसाच्या मानाने सुमारे सात पट होतो. किनाऱ्याजवळ असा वारा दुपारी नेहमीचाच असतो. त्यामुळे ‘फक्त नऊ किलोमीटरांचा फेरा’ हे कागदावरचे वाक्य आमच्यासाठी तासाभराहून अधिक कष्टाचे असते, आणि वाटेत ना झाड, ना भिंत, ना पाण्याचा नळ. मुक्काम गाठता न येता संध्याकाळ होते ती अशाच फेऱ्यांमुळे.

तिसरी तक्रार फाटकांच्या रचनेची आहे, आणि ती ऐकून आपल्याला हसू येण्याची शक्यता आहे. जिथे मोटारी शिरायला नकोत तिथे फाटक उघडे आहे. आणि जिथे मोटार तशीही जाऊ शकत नाही, अशा खाजणातल्या अरुंद वाटेवर दुचाकी अडवण्यासाठी नागमोडी अडथळे बसवले आहेत, ज्यांतून आमची अडीच मीटर लांबीची टँडम वळत नाही. तिथे मी सर्व सामान उतरवते, माझे पती एका हाताने लोखंडी दांडा धरून उभे राहतात, आणि आम्ही दोघे सायकल उभी करून, उचलून, पलीकडे नेतो. तीन चाकी सायकल हातांनी चालवणारी व्यक्ती तर तिथून परतच जाते. ब्रिटनच्या २०२० सालच्या सायकल-रचनेच्या मार्गदर्शिकेत २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद सायकल जाऊ शकेल असे मोजमाप गृहीत धरले आहे आणि दोन खांबांमध्ये दीड मीटर मोकळी जागा सोडावी असे सांगितले आहे. दीड मीटरमधून बहुतेक मोटारी जात नाहीत. इतके साधे गणित आहे.

बांध वाहनांसाठी खुला करण्याच्या बाजूने जी कारणे तोंडी सांगितली गेली, त्यांत शेतमालाची ने-आण, रुग्णवाहिका आणि बांधाची तपासणी ही तीन होती. तिन्ही योग्य आहेत आणि तिन्हींसाठी फाटक उघडे टाकावे लागत नाही. ज्यांना जायचे त्यांच्याकडे किल्ली किंवा काढता येणारा खांब असला की झाले, जसा तो अकरा वर्षे होता. बांध उघडल्याचा खर्च मात्र कोणी मोजलेला दिसत नाही. रस्त्याची झीज वाहनाच्या एकेका आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हा स्थूल नियम अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून पुढे आला. आम्ही दोघे, सायकल आणि सामान मिळून १८० किलो धरले, तर एका आसावर ९० किलो येतात. दीड हजार किलोंच्या मोटारीच्या एका आसावर ७५०. हे प्रमाण आठ पटींहून थोडे अधिक आहे, आणि त्याचा चौथा घात घेतला तर जवळजवळ ४,८०० येतो. म्हणजे एक मोटार एकदा गेल्याने बांधाच्या माथ्याचे जे होते, ते होण्यासाठी आमच्यासारख्या हजारो जोड्यांना तिथून जावे लागेल. एका पावसाळ्यात त्या माथ्यावर चाकोऱ्या पडल्या आहेत, चाकोऱ्यांत पाणी साचते, आणि साचलेले पाणी बांधात मुरते. सायकलमार्ग बिघडला हे सोडून द्या. तो पूरबांध आहे, हे तरी जलसंपदा विभागाने लक्षात घ्यावे.

पाणथळींबद्दल मात्र मला आपल्याशी केवळ भांडायचे नाही. आमच्यातल्याच काही सायकलस्वारांना वाटते की सायकल आवाज करत नाही, धूर सोडत नाही, म्हणून तिला कुठेही जाऊ द्यावे. ते मला पटत नाही. भरतीच्या वेळी चिखलपट्ट्या पाण्याखाली जातात आणि हजारो किनारी पक्षी एखाद्या उंचवट्यावर दाटीवाटीने विसावतात. त्या वेळी अचानक समोर आलेला शांत सायकलस्वारही त्यांना उडवून लावतो, आणि लांबच्या स्थलांतरासाठी साठवलेली चरबी त्या उड्डाणात खर्ची पडते. ओहोटी येईपर्यंत त्यांना ती भरून काढता येत नाही. तेव्हा विणीच्या आणि स्थलांतराच्या मोसमात काही पट्टे बंद ठेवा. आम्ही पाणथळीपासून दूरच्या, जमिनीकडच्या वाटेने जाऊ. लव्हाळ्याचे आडोसे उभारा, पाहण्यासाठी ठरावीक जागा करा, रात्री दिवे लावू नका. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळींच्या ‘विवेकी वापरा’चे तत्त्व आहे, वापर पूर्ण थांबवा असे तो करार म्हणत नाही, आणि वापर बेबंद करा असेही म्हणत नाही.

पण मग तो विवेक सर्वांना सारखा लावावा लागेल. फ्रान्समध्ये रोन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा त्रिभुज प्रदेश आहे. तिथे समुद्र थोपवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात घातलेला बांध आहे आणि त्यावरून आज मोटारी जात नाहीत. पायी किंवा सायकलने जावे लागते. आम्ही तो केला आहे. एका बाजूला खाऱ्या पाण्याची सरोवरे, त्यांत गुडघाभर पाण्यात उभे रोहित पक्षी, दुसऱ्या बाजूला वाळू आणि समुद्र. काही ठिकाणी वाळू वाटेवर इतकी येते, की उतरून सायकल ढकलावी लागते, आणि तोंडावर वारा असेल तर तो दिवस विसरता येत नाही. तरीही माझ्या पतींनी ऐकलेला सर्वांत भरलेला दिवस तोच होता, असे ते सांगतात. रोहित पक्ष्यांचा थवा बदकांसारखा, जरा घोगरा बोलतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी त्यांच्या रंगाकडेच पाहत राहिले असते. आपल्या विभागाने मात्र पाणथळीतल्या पक्ष्यांचे कारण देऊन सायकलमार्गाचा शेवटचा टप्पा आठ महिने बंद ठेवला आणि त्याच वर्षी त्याच पाणथळीच्या काठापर्यंत मोटारी नेणारा बांध उघडला. पक्ष्यांसाठी आम्ही आठ महिने थांबू. मोटारतळासाठी थांबणार नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे आणि किनाऱ्यावरचे काही बांध आज ना उद्या सोडून द्यावे लागतील, हेही आम्ही जाणतो. तसे करताना मार्ग हरवू देण्याची गरज नसते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरी येथे २०१३ मध्ये समुद्रबांध मुद्दाम फोडला गेला, आत सुमारे सात किलोमीटरांचा नवा बांध घातला गेला, मधल्या जमिनीत खाजण तयार होऊ दिले गेले, आणि पायवाटा व सायकलवाटा त्या आराखड्याचाच भाग होत्या. वाट नंतर जोडायची गोष्ट नसून बांधाबरोबरच आखायची गोष्ट आहे, हे तिथल्या अभियंत्यांना कोणा सायकलस्वाराने पत्र लिहून सांगावे लागले होते की नाही, मला माहीत नाही.

पाट्यांबद्दल दोनच वाक्ये. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५ मध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक मिलनबिंदूला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती नंतर शेजारच्या देशांतही पसरली; त्यामुळे एखादा तुकडा बंद झाला, तर दोन-तीन क्रमांक बदलून दुसरी वाट धरता येते. आपल्या मार्गावर एक बाण हरवला, की शेतात पोहोचायला होते.

आता मागण्या.

बांधावरचे फाटक पूर्ववत बंद करावे, किल्ल्या शेतकरी, रुग्णवाहिका सेवा आणि पाहणी पथक यांच्याकडे द्याव्यात, आणि कोणाकडे किती किल्ल्या आहेत त्याची नोंद जाहीर असावी. पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या पावसाळ्याआधी भरून, दाबून, माथ्याला पाणी निघून जाण्यापुरता उतार द्यावा. हे काम सायकलस्वारांसाठी म्हणून नाही, बांधासाठी म्हणून करावे. आमचे भले त्यात आपोआप होईल.

मार्गाच्या नकाशावर वाहनांबरोबर जावे लागणारा प्रत्येक किलोमीटर वेगळ्या रंगात दाखवावा आणि त्या टप्प्यावरची वेगमर्यादा शेजारी लिहावी. ज्या मार्गात असा एकही किलोमीटर आहे, त्यास ‘वाहनमुक्त’ म्हणू नये. हे करायला निधी लागत नाही.

मार्ग बंद करायचा असेल, तर त्याच जातीचा पर्याय द्यावा : वाहने नसलेला, किंवा तीसच्या आतल्या वेगाचा. ते शक्य नसेल, तर त्या टप्प्यापुरती सायकली नेणारी गाडी किंवा नाव चालवावी. जर्मनीत एल्बे नदीवर दोराला बांधलेल्या आणि निव्वळ प्रवाहाच्या जोराने काठ बदलणाऱ्या नावा आजही सायकलस्वारांना पलीकडे नेतात. त्यांना इंधनसुद्धा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी तसे जमणार नाही, पण ‘पर्याय नाही’ असे लिहिण्याआधी पाण्याकडे एकदा पाहावे.

खाजणातले नागमोडी अडथळे काढून दीड मीटर अंतराचे खांब लावावेत. पक्ष्यांसाठीची बंदी तारखांसह मोसमाआधी जाहीर करावी, आणि ती मोटारी, कुत्री फिरवणारे, छायाचित्रकार आणि आम्ही अशा सर्वांना सारखी लागू असावी.

आणि शेवटी, नदी जिथे किनाऱ्याला मिळते त्या बारा किलोमीटरांसाठी तिन्ही खात्यांनी मिळून एक अधिकारी नेमावा, ज्याच्याकडे पत्र पाठवले असता ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर येणार नाही. असे उत्तर माझ्याकडे आजवर तीन कार्यालयांकडून आले आहे. तिन्हींची भाषा नम्र होती.

आम्ही पुढच्या मोसमातही येणार आहोत. माझे पती आता एकसष्ट वर्षांचे आहेत, मी अठ्ठावन्नची. आमच्यापाशी असे किती मोसम आहेत ते मी मोजत नाही, पण ते अमर्याद नाहीत. त्या खांबावर दोन पाट्या आहेत आणि त्यांतली एक काढावी लागणार आहे. कोणती काढणार, तेवढे आम्हाला निघण्यापूर्वी लेखी कळवावे.

आपली नम्र,
टँडमवर पुढे बसणारी एक सायकलयात्री